कोंडा (डोक्यातील)

डोक्याच्या त्वचेवरील मृत पेशींचे बारीक पापुद्रे सुटून केसांत आणि खांद्यांवर पडतात, त्याला कोंडा म्हणतात. भात कांडल्यावर निघणाऱ्या कोंड्याशी दिसण्यात साम्य असल्याने हा शब्द रूढ झाला. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘दारुणक’ या नावाने याच्याशी जुळणारा विकार सांगितला आहे; खाज, रूक्षता आणि केसांच्या मुळाशी त्वचा फुटणे ही त्याची लक्षणे. बोलण्यात मात्र ‘कोंडा’ या एकाच शब्दात दोन निराळे विकार येतात : त्वचा नुसती कोरडी पडणे आणि खरा, तेलकट कोंडा. दोहोंना उतारा वेगळा असल्याने आधी भेद ओळखावा लागतो.

कारणे : त्वचेच्या बाह्यस्तरातील पेशी साधारण चार आठवड्यांत तयार होऊन झडतात आणि एरवी ते डोळ्यांना दिसत नाही. कोंड्यात ही गती वाढते व अर्धवट पिकलेल्या पेशी एकमेकींना चिकटून पापुद्र्याच्या रूपात सुटतात. यामागे मॅलॅसेझिया या यीस्टवर्गीय कवकाचा मोठा हात असतो. फ्रेंच संशोधक लुई-शार्ल मॅलॅसे यांनी १८७४ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यांच्या नावावरून या प्रजातीचे नाव १८८९ मध्ये पडले. हे कवक बहुतेक सर्वांच्या डोक्यावर असते. २००७ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला स्वतःची मेदाम्ले बनवता येत नाहीत असे दिसले. त्यामुळे ते त्वचेतील स्निग्धावर जगते. स्निग्ध फोडून त्यातील संपृक्त मेदाम्ले ते वापरते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त आम्ले मागे उरतात. ज्यांची त्वचा या आम्लांना संवेदनशील असते, त्यांना खाज सुटून कोंडा होतो. हा विकार प्रामुख्याने वयात आल्यावर, तैलग्रंथी कामाला लागल्या की सुरू होतो.

ओळख : त्वचा नुसती कोरडी असेल तर पापुद्रे बारीक, पांढरे व सुटे असतात, हातापायांची कातडीही फुटलेली असते आणि थंडी ओसरली की त्रास जातो. खऱ्या कोंड्यात पापुद्रे मोठे, पिवळसर व चिकट असतात. केस तेलकट राहतात. भुवया, नाकाच्या कडा आणि कानामागेही लाली व खपल्या दिसतात. कोंडा थंडीत वाढतो, पण पुढेही टिकतो.

चंद्रपूर-गडचिरोलीतील हिवाळा : उन्हाळ्यात ४५ अंश सेल्सिअसपलीकडे तापणाऱ्या या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते व रात्रीचे तापमान अनेकदा १० अंशांच्या आसपास उतरते. चुलीवरचे कढत पाणी डोक्यावर घेणे आणि शेकोटीपाशी तासन्‌तास बसणे यांनी त्वचेतील ओलावा आणखी घटतो. पाण्याचाही वाटा असतो. राजुरा-कोरपना पट्ट्यात चुनखडीचा खडक आहे. आवारपूर व गडचांदूर येथील सिमेंट कारखाने त्याच्याच आधारावर उभे राहिले. अशा खडकातील पाणी जड असते. त्यात साबणाचा फेस होत नाही. साका मात्र होतो आणि केसांत वाळून कोंड्यासारखाच दिसतो. शिवाय साबणाची वडी अल्कधर्मी, तर त्वचा किंचित आम्लधर्मी असते. रोज वडी घासल्याने कोरडेपणा वाढतो.

तेल : जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळीचे तेल खाण्यासाठी, दिव्यासाठी व अंगाला लावण्यासाठी वापरले जाते. बिया पावसाळ्याच्या तोंडाशी गोळा होतात. संपृक्त मेदाम्ले भरपूर असल्याने हे तेल हिवाळ्यात तुपासारखे थिजते. कोमट करूनच लावावे लागते. कोरड्या त्वचेला ते, किंवा खोबरेल व तिळाचे तेल, उपयोगी पडते : त्वचेवर थर बसून ओलावा टिकतो. आंघोळीपूर्वी तासभर आधी थोडे तेल लावून नंतर डोके धुणे पुरेसे असते. तेलकट कोंड्यात मात्र रात्रभर मुरवलेले तेल कवकाचे खाद्य ठरू शकते. खपल्या मऊ करण्यापुरते लावून ते त्याच दिवशी धुऊन टाकावे.

उपचार : कोरड्या त्वचेसाठी कोमट पाणी, सौम्य शाम्पू, आठवड्यातून दोनदा डोके धुणे आणि साबणाची वडी टाळणे एवढ्यावर भागते. पाणी जड असेल तर शेवटचे धुणे साठवलेल्या पावसाच्या किंवा गोड्या पाण्याने करावे. शिकेकाई व रिठा ही जुनी साधने मळ काढतात, परंतु कवकावर त्यांचा भरवसा ठेवता येत नाही. खऱ्या कोंड्यावर कीटोकोनॅझोल (२ टक्के), झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेला औषधी शाम्पू वापरतात. कीटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावतात. फेस त्वचेवर तीन ते पाच मिनिटे ठेवून मग धुतात. लावून लगेच धुतल्यास औषधाला काम करायला वेळ मिळत नाही. नखांनी खपल्या काढू नयेत. खाजवलेल्या जागी लिंबू चोळल्यास आग होते. उवांसाठी डोक्याला रॉकेल लावणे धोक्याचे. शेकोटीजवळ तर जिवावर बेतू शकते.

तान्ह्या बाळाच्या टाळूवर दिसणाऱ्या पिवळट खपल्या बहुधा वर्षाच्या आत आपोआप जातात. तेलाने मऊ करून हलकेच धुवाव्यात. टाळू भरण्याच्या नावाखाली थरावर थर चढवू नयेत.

साम्य असणारे विकार : मुलांच्या डोक्यात गोल चट्टा पडून तिथले केस तुटत असतील तर तो बहुधा खवडा, म्हणजे केसांचा गजकर्ण असतो, त्याला तोंडावाटे औषध लागते. जाड, चंदेरी खपल्यांचे व स्पष्ट कडांचे चट्टे सोरायसिसचे असू शकतात. केसांना घट्ट चिकटलेले पांढरे कण म्हणजे लिखा. कोंडा बोटाने सहज झटकला जातो. मान व पाठीवर फिकट डाग उमटवणारी शिबे मॅलॅसेझियामुळेच होतात. कुष्ठरोगाचा इतिहास असलेल्या चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांत (वरोऱ्याचे आनंदवन १९४९ पासून त्यासाठीच ओळखले जाते) फिकट डाग दिसला की धास्ती वाटते. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही आणि तिथली स्पर्शाची जाणीव कमी झालेली असते. शिब्यांत जाणीव शाबूत असते. शंका आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करावी.

महिनाभर औषधी शाम्पू वापरूनही फरक पडला नाही, पू किंवा रक्त आले, केसांचे पुंजके गळू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. कोंडा संसर्गजन्य नाही. तो आटोक्यात राहतो, पण कवक कायमचे जात नसल्याने औषध थांबवल्यावर पुन्हा उद्भवू शकतो.