रानाच्या वेशीवरचा राखणदार

सिल्वासाहून खानवेलकडे जाणारा रस्ता सुमारे वीस किलोमीटरांचा आहे. वाटेत दपाड्याचे सातमालिया हरिण उद्यान लागते आणि पुढे साकरतोड नदीच्या काठी खानवेल येते. सागाच्या झाडीत वारली आणि कोकणा लोकांचे पाडे आहेत. पाड्यावरील अंगणात कुत्रा बसलेला दिसतो. तो घराचा राखणदार. इ.स. २००० मध्ये दादरा-नगरहवेलीतील सुमारे ९२ चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झाले. अंगण कोठे संपते आणि अभयारण्य कोठे सुरू होते, हे माणसाला कागदावर दाखविता येते. कुत्र्याला कोण सांगणार?

हा प्रश्न आजचा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अभयवनातील मृगपक्ष्यांना मारणाऱ्यास सर्वांत मोठा दंड सांगितला आहे. त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे की, शिकाऱ्यांनी कुत्र्यांचे कळप घेऊन रानोमाळ फिरावे आणि चोर किंवा शत्रू दिसताच शंख वा दुंदुभी वाजवून इशारा द्यावा. म्हणजे रानातील कुत्रा राज्यकर्त्यांना एकाच वेळी हवाही होता आणि त्याच्या धन्यावर दंडाचा वचकही ठेवावा लागत होता. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा खेळ, आवर्जून आला आहे.

इंग्लंडातील रीत याहून कठोर होती. राजाच्या राखीव रानालगत राहणाऱ्यांच्या कुत्र्यांच्या पुढल्या पायाची तीन नखे छाटीत, म्हणजे त्यांना हरणामागे धावता येऊ नये. १२१७ सालच्या वनसनदेने या रीतीला मर्यादा घातली. तपासणी तीन वर्षांतून एकदाच व्हावी, नखे न छाटलेल्या कुत्र्याबद्दल धन्याने तीन शिलिंग दंड भरावा आणि या दंडापोटी कोणाचा बैल ओढून नेऊ नये, असे तीत ठरले. हरीण राजाच्या शिकारीसाठी राखायचे. त्याची किंमत मात्र गरिबाच्या कुत्र्याने आणि बैलाने मोजायची, असा तो न्याय होता.

आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा पायाच बदलला. येथे प्राणी राजासाठी नव्हे, तर प्राण्यासाठीच राखावयाचा आहे. वन्य प्राण्याला हाकणे किंवा त्याचा पाठलाग करणे हीदेखील शिकारच, असे हा कायदा म्हणतो. तेव्हा सशामागे कुत्रा सोडणारा मनुष्य आपण केवळ गंमत केली, असे म्हणू शकत नाही.

परंतु कुत्र्याच्या दातांइतकेच भय त्याच्या आजाराचे आहे. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेनगेटीत कॅनाइन डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. आसपासच्या वस्त्यांतील कुत्र्यांकडून हा रोग आला असावा, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष होता. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या गीरमध्ये २३ सिंह दगावले, आणि त्यांतील काहींच्या शरीरात याच रोगाचा विषाणू सापडला.

आता कायद्याकडे पुन्हा पाहा. अभयारण्यात व त्याच्या पाच किलोमीटरांच्या परिसरात पाळलेल्या गुरांना रोगप्रतिबंधक लस टोचण्याची व्यवस्था करावी, असे १९९१ च्या दुरुस्तीने सांगितले. गुरे कोणती, याच्या व्याख्येत गाय, म्हैस, शेळी, उंट, डुक्कर, एवढेच काय, बदके आणि कोंबड्याही आहेत. कुत्र्याचे नाव मात्र नाही! ज्याच्याकडून रोगाचे भय अधिक, त्याचाच विसर पडावा, ही लहान चूक नव्हे.

सहलीस येणाऱ्याने आपला कुत्रा घरीच ठेवावा. त्यात त्याचे काही बिघडत नाही. पाड्यावरच्या माणसाला हे कसे सांगावे? रात्री बिबट्याची चाहूल प्रथम त्याच्या कुत्र्यालाच लागते. त्याला केवळ मनाई ऐकविणे म्हणजे त्या जुन्या राजाचाच न्याय नव्या शब्दांत चालविणे होय. त्याच्या अंगणापर्यंत लस गेली पाहिजे, आणि तीही फुकट. तसे झाले तर राखणदार अंगण राखील आणि त्याच्यापासून रानही सुरक्षित राहील.