तारा नेमका कशासाठी मिळाला? वर्गातल्या सकारात्मक प्रबलनाची गोष्ट

आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी एका प्राथमिक शाळेत वर्गनिरीक्षणाला बसायचे. फळ्याशेजारी ताऱ्यांचा तक्ता होता. चांगलं वागलं की बाईंकडून तारा. माझ्या हातात निरीक्षणाचा तक्ता आणि त्यात दोनच रकाने होते, ‘कामात मग्न’ आणि ‘कामाबाहेर’. वजाबाकीच्या तासाला एक मुलगा सारखा मागे वळून बोलत होता. मी ‘कामाबाहेर’खाली खुणा करत गेले. त्याला ताराही मिळाला नाही. तास संपल्यावर कळलं, तो मागच्या मुलीला दशकाकडून दहा उसने कसे घ्यायचे ते समजावत होता.

बाईंचं चुकलं का, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. माझा रकाना चुकला होता. तसा रकाना आखण्याची सवय आपल्याकडे कुठून आली, हे शोधायला मी जुने शोधनिबंध काढले. त्यातूनच हा लेख झाला.

आधी संज्ञा नीट समजून घेऊ, कारण सिनॉप्सिसमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘सकारात्मक प्रबलन’ म्हणजे गोड बोलणं नव्हे. वर्तनानंतर काहीतरी *मिळतं* म्हणून ते सकारात्मक, आणि त्यामुळे ते वर्तन पुढे *वाढतं* म्हणून ते प्रबलन. म्हणजे चॉकलेट दिलं आणि वर्तन वाढलंच नाही, तर ते नुसतं चॉकलेट. उलट, रागावण्याने वर्तन वाढलं तर रागावणं हेच प्रबलन! ही थट्टा नाही. १९६८ साली अमेरिकेत मॅडसन, बेकर आणि सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात हे तपासलं. शिक्षिका ‘खाली बसा’ असं जितकं जास्त म्हणायच्या, तितकी मुलं जास्त उभी राहायची. मुलांना बाईंचं लक्ष मिळत होतं ना!

आता थोडं मागे जाऊ. शाळेत बक्षिसं देणं जुनंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर आपल्या शाळेत गुणवत्तेची तिकिटं आणि बक्षिसं वाटत होता. (त्याच शाळेत मुलांना सगळ्यांसमोर लाजवणाऱ्या शिक्षाही होत्या, हे विसरू नका.) विसाव्या शतकात नवीन काय आलं, तर कौतुकाचा परिणाम *मोजणं*.

त्यातला एक गाजलेला प्रयोग १९२५ साली प्रसिद्ध झाला, एलिझाबेथ हरलॉक यांचा. विकासाचं मानसशास्त्र शिकताना ज्यांचं पुस्तक आपण वाचतो, त्याच या हरलॉक. त्यांनी शाळकरी मुलांना रोज बेरजा सोडवायला दिल्या आणि मुलांचे चार गट केले. एका गटाचं सगळ्यांसमोर कौतुक व्हायचं, दुसऱ्याला रागावलं जायचं, तिसरा त्याच खोलीत बसून हे ऐकायचा पण त्याला कुणी काहीच म्हणायचं नाही, आणि चौथा नियंत्रित गट वेगळ्या खोलीत होता. सुरुवातीला कौतुक आणि रागावणं, दोन्हींनी बेरजा वाढल्या. पुढच्या दिवसांत रागावलेल्या गटाचा जोर ओसरला. कौतुकाच्या गटाची प्रगती मात्र सगळ्यात जास्त राहिली.

आपण हे वाक्य उचलतो आणि लिहून टाकतो, ‘हरलॉक यांनी सकारात्मक प्रबलनाची उपयुक्तता सिद्ध केली’. थांबा! त्या प्रयोगात मुलाने बेरजा कशाही केल्या असोत, गट कौतुकाचा असेल तर कौतुक व्हायचंच. वर्तनावर अवलंबून नसलेलं कौतुक वरच्या व्याख्येत बसतं का? नाही बसत. हरलॉक यांनी प्रोत्साहनाचा परिणाम मोजला. प्रबलनाची ही व्याख्या रुळली ती पुढे, स्किनर यांच्या कामातून.

स्किनर वर्गाकडे वळले तो प्रसंग प्रसिद्ध आहे. १९५३ साली पालक म्हणून ते मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हतं, आणि सगळ्यांना एकाच वेगाने जावं लागत होतं. यावर उपाय म्हणून त्यांनी अध्ययन यंत्र बनवायला घेतलं. लक्षात घ्या, त्यांना वाढवायचं होतं ते *शिकणं*.

पण १९६८ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस’ सुरू झालं आणि वर्गातले प्रयोग धडाधड येऊ लागले, तेव्हा त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत मोजमाप वेगळंच होतं. जागेवर बसणं, न बोलणं, शिक्षकाकडे बघणं. कारणही समजण्यासारखं आहे. निरीक्षकाला दहा-वीस सेकंदांच्या अंतराने खूण करायची असते. बसलेलं मूल दिसतं, विचार करणारं मूल दिसत नाही. माझ्या रकान्याचं मूळ मला इथे सापडलं.

हे तेव्हाही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. १९७२ साली विनेट आणि विंकलर यांनी त्याच नियतकालिकातल्या शोधनिबंधांचा आढावा घेऊन विचारलं, की आपण मुलांना नुसतं स्थिर, गप्प आणि आज्ञाधारक व्हायला शिकवतोय का? ओलिअरी यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं, की अभ्यासातली प्रगती मोजणारे प्रयोगही झालेत. दोन्ही बाजू जरूर वाचा. वाद कसा घालावा याचा तो चांगला नमुना आहे.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी तिसरीच गोष्ट मोजली. चित्रं काढायची *आधीपासूनच* आवड असलेली बालवाडीतली मुलं त्यांनी घेतली. काहींना ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं, काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी, कुठलंही बक्षीस नसताना, मुलं मोकळ्या वेळातला किती वेळ त्या रंगीत पेनांशी घालवतात ते पाहिलं. बक्षीस न मिळालेली मुलं सुमारे १६.७ टक्के, अचानक मिळालेली १८.१ टक्के, आणि बक्षिसाच्या बोलीवर काढलेली जेमतेम ८.६ टक्के.

म्हणजे बक्षीस वाईट? इतकी घाई नको. १९९४ मध्ये कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी अनेक अभ्यास एकत्र करून सांगितलं, की सरसकट नुकसान दिसत नाही. १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ अभ्यास एकत्र केले आणि म्हटलं, की आधी कबूल केलेलं वस्तुरूप बक्षीस आंतरिक प्रेरणा घटवतं. तोंडी कौतुकाचा फायदा दिसला, पण तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत. लहान मुलांत दिसला नाही.

आता हे सगळं शेजारी मांडून बघा. हरलॉक यांनी मोजल्या बेरजा. १९६८ नंतरच्या अनेकांनी मोजलं जागेवर बसणं. लेपर यांनी मोजलं बक्षीस काढून घेतल्यावर उरलेलं मन. आपण मात्र पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात तिघांना एका ओळीत बसवतो, जणू तिघांना एकच प्रश्न पडला होता.

म्हणून तुमचा विषय या जवळपासचा असेल, तर प्रत्येक शोधनिबंधाच्या समासात तीन गोष्टी लिहा. काय दिलं? कोणत्या वर्तनानंतर दिलं? आणि काय वाढलं म्हणून ‘यश’ म्हटलं? निष्कर्षाकडे त्यानंतर वळा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निवडताना आपण नकळत ‘चांगलं मूल’ कोणतं तेही ठरवत असतो. ते ठरवणं टळत नाही. पण प्रबंधात त्याची कारणं उघडपणे देता येतात.

मी माझा तक्ता बदलला. आता ‘सोबत्याशी पाठाबद्दल बोलणं’ असा स्वतंत्र रकाना आहे. त्यासाठी मुलांच्या बाकाजवळ जाऊन ऐकावं लागतं, वेळ दुप्पट लागतो, आणि जुन्या नोंदी बाद करून निरीक्षण पहिल्यापासून करावं लागलं. तो मुलगा मात्र आता पुढच्या वर्गात गेलाय. त्याच्या नावापुढच्या त्या खुणा जुन्या वहीत तशाच आहेत, आणि त्या मी खोडलेल्या नाहीत.