वरची बिजागरी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

बुलढाणा घाटावर वसलेले गाव. जून लागला की पश्चिमेचा वारा घाट चढून येतो आणि गावातल्या साऱ्या खिडक्यांची परीक्षा घेतो. मागच्या वर्षी आमची एक खिडकी या परीक्षेत नापास झाली. अम्मीच्या खोलीतली. तिची कडी कोयंड्यात जाईना. झडप रात्रभर आपटत राही.

हे घर अब्बांनी १९६८ साली बांधले. सागवानी चौकट, एका झडपेची खिडकी, दोन बिजागऱ्या, एक सरकती कडी आणि चौकटीवर ठोकलेला कोयंडा. कडी कोयंड्याच्या खाली उतरली होती, बोटाच्या पेराएवढी. उपाय सोपा वाटला. मी पेचकस घेतला आणि कोयंडा काढून खाली बसवायला निघालो. शेजारी दुसऱ्या कामावर आलेले एक म्हातारे सुतार हे पाहत उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, कडीले काहाले दोष देता? वरची बिजागरी पाहा न. ते ढिली झाली."

मी कोयंडा काढला होताच. त्याखाली चौकटीवर जे दिसले ते आधी सांगतो, बिजागरीकडे मग वळू.

कोयंड्याच्या स्क्रूंच्या भोकांच्या वर आणखी एक जोडी भोके होती, लांबीने बुजवलेली. त्याच्याही वर आणखी एक जोडी. सर्वांत वरच्या भोकांवर हिरवा रंग होता. मधल्या भोकांवर हिरवा नव्हता, फक्त निळा होता. खालच्या भोकांना रंगच नव्हता. आमच्या घराला हिरवा रंग कधी लागला ते मला अंधुक आठवते, मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा. निळा लागला बहिणीच्या लग्नात, १९८९ साली. आणि सर्वांत खालची भोके माझ्याच हातची, साधारण २००९ ची. म्हणजे चाळीस वर्षांत आम्ही बापलेकांनी तो कोयंडा दोनदा खाली सरकवला होता. मी तिसऱ्यांदा तेच करायला बसलो होतो.

भोके पाहून मला अजिंठा आठवला. आमच्या जिल्ह्याला अजिंठा परका नाही. बुलढाणा ज्या डोंगररांगेवर आहे, तिचे नावच अजिंठ्याचे. लेणी पाहायला गेलेला माणूस चित्रे पाहतो, मूर्ती पाहतो. वॉल्टर स्पिंक नावाचा एक अमेरिकन अभ्यासक मात्र भिक्षूंच्या खोल्यांची दारे पाहत असे. दारे म्हणजे काय, तर दारांच्या जागा. लाकूड कधीच संपले. उरले ते उंबऱ्याजवळचे आणि वरच्या बाजूचे, खडकात कोरलेले खळगे. त्या काळी बिजागरी अशी वेगळी वस्तू नसे. फळीलाच वर आणि खाली गोल खुंटी ठेवत, ती खळग्यात बसवत, आणि दार त्या दोन खुंट्यांवर फिरे. जुन्या गढीच्या किंवा देवळाच्या दाराशी वाटीएवढा गुळगुळीत खळगा तुम्हीही पाहिला असेल. तीच ती बिजागरी.

स्पिंक यांचे म्हणणे असे की हे दार बसवण्याचे तंत्र अजिंठ्यात पायरीपायरीने सुधारत गेले. सुरुवातीच्या खोल्यांत त्याची नीट सोय नाही. पुढे खळगे आले. शेवटी दार आत घेऊन, त्यासाठी खडकाचेच पुढे आलेले ठोकळे सोडून, त्यांत ते फिरवण्याची पद्धत आली. कोणत्या खोलीला कोणत्या तऱ्हेची सोय आहे हे पाहून त्यांनी लेण्यांचा क्रम लावला. दुसऱ्या टप्प्यातले जवळजवळ सारे काम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळाच्या आसपास, थोड्याच वर्षांत झाले असे त्यांनी मांडले. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेले नाही, वाद आजही आहे. पण २०१९ मध्ये वारलेल्या या माणसाने आयुष्याची कित्येक दशके त्या खळग्यांना दिली, ही गोष्ट मला फार भावते.

आणि हरिषेण कोण? वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आपल्या शेजारच्या वाशिमचा. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळाव्या लेण्यात शिलालेख कोरवला. त्या लेखात लेण्याचे वर्णन करताना खांब आणि पायऱ्यांबरोबर दारांचा आणि खिडक्यांचाही उल्लेख आहे. दीड हजार वर्षांपूर्वी वऱ्हाडच्या एका मंत्र्याला खिडकी ही सांगण्याजोगी गोष्ट वाटली, हे मला आमच्या चौकटीसमोर बसल्या बसल्या आठवत होते.

खुंटी-खळग्यानंतर आपल्याकडे लोहाराची बिजागरी आली. पट्टी ठोकून, डोळा वळवून, मध्ये खिळा घालून केलेली. ती फळीला लावायची तर खिळा आरपार ठोकत आणि मागे निघालेले टोक वाकवून लाकडात बसवत. काम पक्के, पण एकदाचे. अशी बिजागरी झिजली तर काढताना लाकूडही फुटे. दुरुस्ती सोपी झाली ती स्क्रूमुळे. खिळा ठोकणारा माणूस कायमचे ठोकतो. स्क्रू लावणारा माणूस मात्र मान्य करतो की हे उद्या काढावे लागणार आहे.

हा स्क्रूही पूर्वी बोथट टोकाचा असे. त्याच्यासाठी आधी पूर्ण भोक पाडून घ्यावे लागे. टोकदार स्क्रू यंत्रावर करण्याचे पेटंट १८४६ मध्ये थॉमस स्लोन या अमेरिकन माणसाने घेतले. त्याचे इंग्लंडमधले हक्क नेटलफोल्ड नावाच्या कारखानदाराने विकत घेतले. भांडवलासाठी मेहुणा चेंबरलेन याला भागीदार केले आणि १८५४ मध्ये बर्मिंगहॅमजवळ मोठा कारखाना उभा राहिला. चेंबरलेनने आपल्या वाट्यावर लक्ष ठेवायला अठरा वर्षांचा मुलगा जोसेफ याला तिकडे धाडले. स्क्रूंवर श्रीमंत झालेला हा मुलगा पुढे बर्मिंगहॅमचा महापौर आणि १८९५ मध्ये ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री झाला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हाचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन हे त्याचेच चिरंजीव.

आता आपल्याकडे या. त्या कारखान्याच्या आदल्याच वर्षी, १८५३ मध्ये, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे मलकापूर, अकोल्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा आला, तोही कापसासाठी. आपला कापूस गाठी बांधून तिकडे गेला, आणि बर्मिंगहॅमचा लोखंडी-पितळी माल साम्राज्यभर बाजारात आला. अब्बांच्या अवजारांच्या डब्यात पुठ्ठ्याचे एक खोके आजही आहे, त्यावर नेटलफोल्डचे नाव आहे. माल बहुधा इथलाच, स्वातंत्र्यानंतरचा, कारण त्या कंपनीची भारतीय शाखा इकडेच स्क्रू करू लागली होती. नाव मात्र टिकले. सरकार बदलले तरी खोक्यावरचे नाव सावकाश बदलते.

सरकारही मागे राहिले नाही. १९४७ मध्येच भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि पुढे लोखंडी बिजागरीची, कडीची मापे ठरली. म्हणूनच आज पन्नास वर्षांपूर्वीच्या खाचेत बसेल अशी बिजागरी बाजारात मिळू शकते. मला मिळाली.

मुलगा म्हणाला, "अब्बा, काढून टाकू या. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी लावू." त्याचे चूक नाही. सरकत्या खिडकीला बिजागरी नसते, चाके असतात. पण चाकेही झिजतात, आणि एका वेळी अर्धीच खिडकी उघडते. अम्मीच्या खोलीला ती पुरी उघडणारी हवी, असे मी म्हणालो. अम्मी आता नाही, हे तो बोलला नाही.

मग मिस्त्रींनी सांगितले तसे केले. तुमच्याही घरी उपयोगी पडेल म्हणून सांगतो. झडपेचे वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढते, खालचीला आत दाबते. म्हणून आधी सैल होते ती वरचीच, आणि झडप कडीच्या बाजूने खाली झुकते. झडप उतरवून घ्यायची. भोके मोठी झाली असतील तर त्यांत सुक्या सागवानाची किंवा बांबूची खुंटी डिंक लावून ठोकायची, एक दिवस वाळू द्यायची, मग बारीक गिरमिटाने भोक पाडून स्क्रू बसवायचा. बिजागरीचा मधला खिळा झिजून डुगडुगत असेल तर दोन्ही बिजागऱ्या बदलायच्या, पण त्याच लांबीच्या. तेल यंत्राचे घालायचे. खोबरेल नको, आमच्या घाटावर हिवाळ्यात ते गोठते. आणि हे सगळे होईपर्यंत कोयंड्याला हात लावायचा नाही.

तो हात आम्ही चाळीस वर्षे लावत होतो. कडी जुळत नाही ना, मग कोयंडा हलवा. मूळ सैल झाले होते वर, आणि आम्ही जुळवून घेत होतो खाली. शेवटी शेवटी मी तेवढेही केले नाही, झडप तारेने बांधून टाकली. अम्मीचा शेवटचा उन्हाळा त्या बांधलेल्या खिडकीआड गेला. "बेटा, जरा खिडकी खोल दे," ती म्हणायची. पहाटेची अजान तिला त्या खिडकीतून ऐकायची असे. मी म्हणायचो, उद्या मिस्त्रीला बोलावतो. पंखा तर चालू आहे ना, असेही म्हणालो असेन.

काम अर्ध्या दिवसाचे होते.

नवी बिजागरी बसवून झडप चढवली तेव्हा कडी आपोआप वर उचलली गेली. मी कोयंडा हातात घेऊन उभा. मिस्त्रींनी कडी सरकवून पाहिली. ती सर्वांत वरच्या, हिरव्या रंगाखाली बुजलेल्या भोकांसमोर येऊन थांबली होती, १९६८ च्या. पेचकसाच्या टोकाने मी त्यांतली लांबी उकरली आणि कोयंडा अब्बांनी लावला होता तिथेच लावला.

आता पहाटे ती खिडकी मी उघडतो.