राखीव अधिकाऱ्याची बढती

१९३२ सालीं मिसूरी राज्यांतील जॅक्सन परगण्याचे कारभारी हॅरी ट्रूमन अमेरिकेच्या राखीव सैन्यांत कर्नल झाले. त्याच वेळीं वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत शिकलेले ड्वाइट आयझेनहॉवर खड्या सैन्यांत अद्याप मेजरच होते. लेफ्टनंट कर्नल होण्यास त्यांना १९३६ पर्यंत थांबावें लागलें. उन्हाळी शिबिरास जाऊन येणारा गृहस्थ पुढें जावा आणि बारा महिने छावणींत राहणारा मागें पडावा, हें विचित्र दिसतें खरें. पण त्याचें कारण बढतीच्या नियमांत होतें.

राखीव अधिकाऱ्यांचें दल १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्यानें निर्माण झालें. डॉक्टर, वकील, व्यापारी यांनीं आपापला व्यवसाय सांभाळून लष्करी शिक्षण घ्यावें व प्रसंगीं रणांगणावर यावें, अशी ती योजना. खड्या सैन्यांत १९२० नंतर बढती ज्येष्ठतेच्या एकाच यादीनें होई. महायुद्धांत भरती झालेल्यांची तींत इतकी गर्दी होती कीं, वरची जागा रिकामी होईपर्यंत खालच्यानें नुसतें थांबावें. राखीव अधिकाऱ्यांची यादी निराळी असल्यानें त्यांना ही अडचण नव्हती. तथापि कागदावरचा हुद्दा म्हणजे रणांगणावरील योग्यता नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभकाळीं ट्रूमन यांनीं सेनापति जॉर्ज मार्शल यांजकडे प्रत्यक्ष सेवा मागितली, ती वयाच्या कारणास्तव नाकारली गेली.

पुढें दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले. राखीव दलांची रचना ठरविणाऱ्या १९५२ च्या कायद्यावर ट्रूमन यांची, तर राखीव अधिकाऱ्यांच्या बढतीच्या १९५४ च्या कायद्यावर आयझेनहॉवर यांची सही झाली. १९९४ सालीं संमत होऊन १९९६ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें ती पद्धति सुधारली. तदनुसार निवड-मंडळावर किमान ५ अधिकारी असतात व त्यांतील निदान निम्मे राखीव दलांचे असावे लागतात. पक्षपात न करण्याची शपथ प्रत्येकास घ्यावी लागते. मेजर होण्यापूर्वीं कॅप्टनच्या हुद्द्यावर निदान ३ वर्षें काढावीं लागतात.

मंडळापुढें असतात ते अधिकाऱ्याचे कागद. एखादें प्रमाणपत्र दफ्तरांत पोंचलें नाहीं, एवढ्यानेंही अनेक वर्षांच्या सेवेचें मोल कमी ठरूं शकतें. आणि दोनदां डावललेल्या कॅप्टनला बहुधा सेवाच सोडावी लागते. म्हणून मंडळास पत्र लिहून आपली बाजू मांडण्याचा अधिकार कायद्यानें त्याला दिला आहे. दफ्तरांतील गंभीर चुकीमुळें अन्याय झाला, तर खास मंडळाकडून फेरविचारही होतो. नोकरी करून सुट्टीचे दिवस कवाइतींत घालविणाऱ्यास हा आधार लहान नव्हे.

ट्रूमन जवळजवळ आठ वर्षें देशाच्या सर्व सैन्याचे सरसेनापति होते. तथापि १९५३ सालीं ते राखीव सैन्यांतून निवृत्त झाले, ते कर्नल म्हणूनच.