चाचणीदर्शक दिवा

चाचणीदर्शक दिवा : सॉफ्टवेअरच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्यांचा निकाल रंगावरून कळावा म्हणून लावलेला दिवा. प्रोग्रामर मंडळींत तो ‘बिल्ड लाइट’ म्हणून ओळखला जातो; ‘बिल्ड’ म्हणजे कोड जुळवून त्याच्या चाचण्या चालवण्याची एक फेरी. सगळ्या चाचण्या पास झाल्या की हिरवा, एक जरी फेल झाली तरी लाल आणि चाचण्या चालू असताना पिवळा, असा अनेक ठिकाणचा संकेत आहे. पूर्वी त्यासाठी खास जोडणी करावी लागे. आता बाजारातला स्मार्ट बल्ब पुरतो.

कल्पना कारखान्यातली आहे. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारे माग बनवले. त्यांतला १९२४ चा ‘जी’ प्रकारचा माग प्रसिद्ध आहे. त्याच विचारातून टोयोटाच्या मोटार कारखान्यात ‘आंदोन’ फलक आला. अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो, फलकावर दिवा लागतो आणि मदत धावून येते. महाराष्ट्रात याच तत्त्वाचे एक उदाहरण बीड जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक वीज केंद्राचे आहे. १९७१ मध्ये सुरू झालेले हे केंद्र त्या भागात ‘थर्मल’ या नावानेच ओळखले जाते. अशा केंद्रांच्या नियंत्रण कक्षात दाब, तापमान किंवा पाण्याची पातळी मर्यादेबाहेर गेली, की इशारा फलकावरची त्या बिघाडाची खिडकी लुकलुकते आणि भोंगा वाजतो. ऑपरेटरने बटण दाबून दखल घेतली की लुकलुकणे थांबते, पण बिघाड दूर होईपर्यंत दिवा जळतच राहतो. बिघाड आहे आणि त्याकडे कोणीतरी पाहत आहे, अशा दोन्ही गोष्टी तो एकच दिवा सांगतो. सॉफ्टवेअरच्या दिव्यांत ही दुसरी सोय क्वचितच आढळते. ती असायला हवी.

केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या जेयुनिट या चाचणीच्या साधनामुळे चाचण्यांची हिरवी-लाल पट्टी प्रोग्रामरच्या पडद्यावर रुळली. २००१ मध्ये थॉटवर्क्स कंपनीतून क्रूझकंट्रोल हे साधन आले आणि प्रत्येक बदलानंतर चाचण्या आपोआप चालू लागल्या. निकाल पडद्याबाहेर काढण्याचा गाजलेला प्रयोग माइक क्लार्क यांच्या २००४ च्या ‘प्रॅग्मॅटिक प्रोजेक्ट ऑटोमेशन’ या पुस्तकात आहे. त्यात एक हिरवा आणि एक लाल असे दोन लाव्हा दिवे घराच्या वायरिंगमधूनच चालू-बंद केले जात. अशा दिव्यातले मेण तापून बुडबुडे वर यायला बराच वेळ लागतो. त्यामुळे लाल दिव्यात बुडबुडे दिसले, की बिल्ड नुसता तुटलेला नाही, बराच वेळ तसाच पडून आहे, हेही कळे.

२०१२ मध्ये फिलिप्सचे ह्यू बल्ब आले. बल्ब झिगबी या रेडिओ पद्धतीने एका ‘ब्रिज’शी बोलतात आणि ब्रिज राउटरला जोडलेला असतो. ब्रिजवरचे बटण एकदा दाबून परवानगीची किल्ली मिळवली, की घरच्या नेटवर्कवरून साध्या वेब संदेशाने रंग बदलता येतो. रंगाचा आकडा ० ते ६५५३५. लालसाठी ०, हिरव्यासाठी २५५००. कमी खर्चात काम भागवायचे तर ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप आणि एलईडीची पट्टी पुरते.

ऑफिसात अख्ख्या टीमला एक दिवा पुरतो. पुण्यातल्या कंपनीचे काम परळी तालुक्यातल्या सिरसाळा गावच्या घरून करणाऱ्याला मात्र स्वतःचाच दिवा लावावा लागेल, आणि तिथे दोन अडचणी आहेत. कंपनीच्या सर्व्हरला बाहेरून घरच्या ब्रिजपर्यंत थेट पोहोचता येत नाही. म्हणून घरातल्या एखाद्या छोट्या संगणकाने ठरावीक वेळाने सर्व्हरकडे निकाल विचारत राहावे लागते. दुसरी अडचण विजेची. लाइट जाऊन परत आली, की वेगळी सेटिंग केली नसल्यास बल्ब साध्या पांढऱ्या प्रकाशात सुरू होतो आणि आधीचा निकाल पुसला जातो. नेट बंद पडले तर याहून वाईट होते : बल्ब जुना हिरवा रंग धरून बसतो आणि पाहणारा निर्धास्त राहतो. रेल्वेने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तर तो सर्वांत कडक इशारा देतो आहे असे धरण्याचा नियम परळी वैजनाथ स्थानकावरही लागू आहे. चाचणीच्या दिव्यालाही हीच शिस्त हवी. ताजा निकाल मिळाला नाही तर प्रोग्रामने हिरवा रंग स्वतःहून काढून घ्यावा, आणि विझलेला किंवा पांढरा बल्ब म्हणजे लालच, असे टीमने आधी ठरवून ठेवावे.

दिव्याचा खरा शत्रू कोडमध्ये काही बदल नसताना कधी पास, कधी फेल होणारी चाचणी हा आहे. गूगलने २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार त्यांच्या जवळपास १६ टक्के चाचण्यांत थोडाफार असा लहरीपणा होता. अशा चाचण्यांमुळे दिवा वारंवार उगाच लाल होतो आणि लाल रंगाकडे दुर्लक्ष करण्याची सवय जडते. मग खरा बिघाडही कोणी पाहत नाही. म्हणून त्या दुरुस्त होईपर्यंत वेगळ्या गटात चालवाव्यात आणि त्यांचा निकाल दिव्याला जोडू नये.

लाल-हिरवा भेद न दिसणारे रंगांधत्व पुरुषांत अधिक आढळते. चौकातल्या सिग्नलवर वर-खालच्या जागेवरून रंग ओळखता येतो. एकट्या बल्बला ती सोय नाही. चाचण्या आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्स या प्रणालीत अनेक वर्षे पास झालेल्या बिल्डचे चिन्ह निळे होते. दिव्यालाही लाल-निळी जोडी अधिक योग्य, आणि बिघाडाच्या वेळी तो लुकलुकता ठेवला तर रंग न ओळखणाऱ्यालाही निकाल कळतो.