यंत्राला लय शिकवायची ती कुणाची?

संगणकावर उभा केलेला वाद्यवृंद सिनेमात जिवंत वाटावा म्हणून बरीच वर्षं एकच औषध वापरलं गेलं. स्वर काळाच्या रेघेवरून किंचित पुढेमागे सरकवायचे आणि त्यांचा जोर थोडा कमीजास्त करायचा. माणूस अचूक वाजवत नाही, तेव्हा यंत्रालाही थोडं चुकायला लावलं की ते माणसासारखं वाटेल, असा त्यामागचा हिशेब. आता हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे आलं आहे आणि ते पूर्वीपेक्षा कितीतरी सफाईनं होतं. पण मूळचा हिशेबच अपुरा आहे. वादक लय ओढतो किंवा ठोका मागे धरतो तेव्हा तो चुकत नसतो. तो घराण्याकडून, जातीच्या धंद्यातून, जत्रेतल्या रात्रींतून शिकलेलं काहीतरी करत असतो. म्हणून यंत्र माणसासारखं वाजवू लागलं असं कुणी म्हटलं, की तो माणूस कुठला हे विचारावं लागतं. नांदेड आणि लातूर या मुलखाचा संगीताचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न मोघम राहत नाही.

नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे रेणुकेचं ठाणं. लातूर १६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी ते ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, त्याच जिल्ह्यात तुळजापूर. गोंधळ्यांच्या रेणुराई आणि कदमराई या दोन शाखा याच दोन ठिकाणच्या देवींच्या. गोंधळी कमरेला संबळ बांधून उभा राहतो, सोबतीला तुणतुणं आणि झांज. कथा पुढे सरकेल तशी लय चढते आणि निवेदन आलं की संबळ त्याला वाट देतो. ठेका शब्दाच्या मागं चालतो, घड्याळाच्या नव्हे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणीचे फड उभे राहतात. तिथली ढोलकी ऐकणारा रसिक घुमाऱ्यावरून वादक ओळखतो, कारण चामड्यावर तळहात दाबून खर्जाचा आवाज वर नेण्याची प्रत्येकाची रीत निराळी असते. औशाच्या नाथ संस्थानातलं चक्रीभजन, लग्नातली हलगी, वरातीतला बँड हीही याच कानाची शाळा. हा कान शिकलेला आहे, फक्त त्याची स्वरलिपी कुणी लिहून ठेवली नाही.

सिनेमाचा वाद्यवृंद या मुलखात आला तो मुंबईत घडून. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड हे संयोजक पाश्चात्त्य स्वरलिपीत सुरावटी लिहून देत आणि शेजारच्या खुर्चीतला वादक सरगम उतरवून घेऊन वाजवी. अनिल मोहिले, अरुण पौडवाल यांच्यासारखे मराठी संयोजक याच परंपरेत वाढले. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन 'गाणारं व्हायोलिन' म्हणून ओळखलं गेलं, कारण ते शब्दाची ओढ आणि मींड दोन्ही गजातून काढत. अशा वादकांनी भरलेला व्हायोलिनचा ताफा लिहिलेली ओळ वाजवताना एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाई. ते घसरणं व्हिएन्नाचं नव्हतं आणि गावच्या भजनाचंही नव्हतं. दोन शाळांचे वादक रोज एकत्र बसल्यामुळे तयार झालेली ती तिसरी रीत होती. परभणीच्या आकाशवाणीवरून किंवा जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमधून मराठवाड्यानं 'वाद्यवृंद' म्हणून ऐकली ती हीच.

या वादकांची जागा यंत्रानं घेतली ती काही वर्षांतच. रॉजर लिन यांचं खऱ्या ड्रमचे नमुने वाजवणारं यंत्र १९८० मध्ये आलं. त्यात ठोके रेघेवर बसवण्याची सोय होती, तशीच एकाआड एक ठोका उशिरा पाडून झोल देण्याचीही. १९८३ मध्ये मिडी ही पद्धत ठरली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. या पद्धतीत स्वराचा जोर १२८ पायऱ्यांत मोजला जातो आणि स्वर म्हणजे कळफलकावरची एक पट्टी. दोन पट्ट्यांमधली जागा दाखवायला वेगळी चाकी फिरवावी लागते. ज्या संगीतात दोन स्वरांमधली जागा हाच जीव, त्याच्यावर पियानोचं हे व्याकरण लादलं गेलं. पुढे नमुन्यांचे मोठे संग्रह आले. त्यांतला एकच मुद्रित आवाज पुन्हापुन्हा वाजला की बंदुकीच्या फैरीसारखा ऐकू येई. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक स्वराचे अनेक नमुने घेतले गेले, गजाची दिशा बदलण्याचे आणि स्वर जोडण्याचेही. या संग्रहांचा मोठा भाग युरोप-अमेरिकेतल्या वादकांकडून घेतलेला आहे. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता येण्याआधीच यंत्राला एक मातृभाषा मिळाली होती.

इथे एक रास्त आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. 'सैराट'चं काय? २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी साठांहून अधिक वादकांचा सिम्फनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसमधल्या सोनीच्या मुद्रणगृहात बसवला. त्या वादकांनी गोंधळ ऐकला असण्याची शक्यता फारच कमी, तरी ते सूर मराठवाड्यातल्या गावागावांत लोकांना आपले वाटले. मग लयीची मातृभाषा कशाला हवी? माझं उत्तर असं की सजीवपणा दोन प्रकारचा असतो. चाळीस-पन्नास तंतुवाद्यं एकत्र वाजताना प्रत्येकाचा सूर आणि गजाची सुरुवात केसभर वेगळी असते. त्यातून जो भरदार श्वास तयार होतो तो कुठल्याही देशातल्या चांगल्या वाद्यवृंदाला येतो. 'सैराट'ला परदेशातून हवा होता तो हा श्वास. ठेका, गायकी, शब्दाची फेक आणि मुळात चालींची घडण मात्र इथलीच होती; दुसरा सजीवपणा तो हा. लातूरकर रितेश देशमुख मराठीत नायक म्हणून आले ते 'लय भारी'मधून, २०१४ मध्ये. दिग्दर्शक म्हणून त्यांनी 'वेड' केला २०२२ मध्ये. दोन्ही चित्रपटांचं संगीत अजय-अतुल यांचंच, आणि त्यातला भव्य वाद्यमेळही इथल्या ठेक्यावर आणि आवाजावर उभा आहे. पहिला सजीवपणा यंत्राला आज बऱ्यापैकी जमतो. दुसरा त्याला कुणी शिकवलेलाच नाही.

संशोधनही याच बाजूनं बोलतं. गटिंगेनच्या होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की माणसाच्या तालातली पुढेमागे होणारी हालचाल फाशांसारखी बेभरवशाची नसते. आत्ताचा ठोका किती सरकेल याचं नातं बऱ्याच आधीच्या ठोक्यांशी असतं, आणि ऐकणाऱ्यांनाही यादृच्छिक चुकांपेक्षा अशी नात्यातली हालचाल अधिक आवडली. म्हणजे लयीला स्मरण असतं. कृत्रिम बुद्धिमत्ता याच स्मरणाचे आकृतिबंध शोधते. पण ती शोधते दिलेल्या सामग्रीत. गूगलच्या मॅजेंटा गटाचा गाजलेला 'मायस्ट्रो' संग्रह पियानोच्या स्पर्धेतल्या वादनाचा आहे. त्याच गटानं २०१९ मध्ये सपाट लिहिलेल्या ठेक्याला वादकाची लय आणि जोर देणारं प्रारूप तयार केलं, तेही पाश्चात्त्य ड्रमसंचावर. भारतीय संगीतासाठी बार्सिलोनाच्या झेवियर सेरा यांच्या कॉम्पम्युझिक प्रकल्पानं मोलाचं काम केलं, पण हिंदुस्थानी आणि कर्नाटक रागसंगीतावर. असं प्रारूप संबळाचा ठेका 'जिवंत' करायला बसलं तर तो जिवंत होईल, पण दुसऱ्याच्या अंगानं.

दुसरा आक्षेप पैशाचा. लहान मराठी चित्रपटाला साठ वादक परवडत नाहीत. लातूरच्या एखाद्या खोलीत संगणकावर पार्श्वसंगीत करणाऱ्याला हे साधन म्हणजे मोठा आधार आहे आणि त्याला शुद्धतेचे धडे देणं अन्यायाचं ठरेल. हे मला पूर्ण मान्य आहे. मुंबईच्या वादकांचं काम आधीच गेलं आहे, ते हे साधन नाकारून परत येणार नाही. कुणी म्हणेल, प्रेक्षकाला फरक कळतो कुठे? माळेगावच्या फडातल्या रसिकाबद्दल असं म्हणणं चूक आहे. त्याला कारण सांगता येणार नाही, पण ठेका अंगात शिरला नाही हे त्याला कळतं. त्यामुळे साधन वापरायचंच असेल तर त्याला शिकवण्याचं साहित्यही इथलं हवं.

आणि ते गोळा करणं आवाक्यातलं आहे. मॅजेंटाचं ते ड्रमचं प्रारूप ज्या संग्रहावर शिकलं, त्यात एकूण १३.६ तासांचंच वादन आहे. अडचण आहे ती वेगळी. ते वादक इलेक्ट्रॉनिक संचावर वाजवत होते, त्यामुळे प्रत्येक आघाताची वेळ आणि जोर आपोआप नोंदला गेला. संबळाच्या दोन तोंडांना, ढोलकीच्या दोन पुड्यांना स्वतंत्र ध्वनिग्राहक लावून आघात आवाजातून काढावे लागतील. घुमाऱ्यासाठी वेळेबरोबर सुराचा चढही मोजावा लागेल. हे काम अभ्यासू, चिवट माणसांचं आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे आणि विद्यापीठाचा उपपरिसर लातुरात आहे. माहूर आणि माळेगाव तर विद्यापीठाच्याच क्षेत्रात येतात. असा संग्रह करायला याहून योग्य जागा मला दिसत नाही. पण मुद्रणाच्या आधी करार कागदावर व्हायला हवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्यानं वादनाच्या व्यावसायिक वापरासाठी वादकाला रॉयल्टीचा हक्क दिला आहे. यंत्र शिकवण्यासाठी केलेला वापर त्यात मोडतो की नाही, हे न्यायालयावर सोडून चालणार नाही. ज्या गोंधळ्याच्या हातातून प्रारूप शिकणार, त्याचं नाव आणि त्याच्या वाट्याची रक्कम त्याच करारात स्पष्ट लिहिलेली असावी.