बालाघाटची वने आणि दुष्काळाची लाकडातील नोंद

भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून 1867 मध्ये बालाघाट जिल्हा उभा राहिला, तेव्हा त्याच्या हद्दीत दोन भिन्न प्रकृतीची वने आली. बैहरच्या पठारावर, बंजर आणि हालोन नद्यांच्या खोऱ्यांत, वर्षभर जवळजवळ हिरवे राहणारे साल वृक्ष होते, ज्यांना या भागात सरई म्हणतात. आणि वैनगंगेच्या बाजूला उतरत गेले की उन्हाळ्यात पानगळ होणारा साग आणि बांबू लागे. या वनांचा इतिहास आजवर प्रामुख्याने बैगा आदिवासींच्या बेवर, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या, शेतीवरील बंदी, राखीव जंगले आणि रेल्वेचे स्लीपर यांच्या अंगाने लिहिला गेला, तर दुष्काळाचा इतिहास भाताच्या अंगाने. दुष्काळात झाडाचे काय होते, हा प्रश्न दोहोंच्या मध्ये राहून गेला.

1896 मध्ये पाऊस लवकर आटोपला आणि दाणा भरण्याच्या वेळी भात करपला. 1899 मध्ये तर देशभरच्या मोसमी पावसाने दगा दिला. या दोन आघातांनंतर झालेल्या 1901 च्या जनगणनेत बालाघाटची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा बरीच घटलेली दिसली. सागाचे खोड जाड होण्याचा काळही मुख्यतः तोच, म्हणजे पावसाळ्याचा, असल्यामुळे भाताचा तोटा आणि लाकडाचा तोटा एकाच पावसाशी बांधलेले होते.

मात्र लाकडाचा हा तोटा केवळ पाणी न मिळाल्याचा नसतो. खोडाची बाहेरची साल आणि आतले लाकूड यांच्यामध्ये ऊतककर नावाचा विभाजनशील पेशींचा पातळ थर असतो आणि त्याला विभाजनाची चालना मुख्यतः ऑक्झिन या संप्रेरकाकडून मिळते, जे वाढत्या शेंड्यांत आणि कोवळ्या पानांत तयार होऊन खाली वाहते. संप्रेरक म्हणजे अत्यल्प प्रमाणात तयार होऊन वाढीचे नियमन करणारे द्रव्य. जमीन कोरडी पडू लागली की मुळांत आणि पानांत ॲब्सिसिक आम्ल हे दुसरे संप्रेरक वाढते. ते पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रांच्या, रक्षक पेशींना छिद्रे मिटवायला लावते, त्यामुळे पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडची आवकही घटते आणि साखर कमी बनते. शेंड्यांची वाढ मंदावली की ऑक्झिनचा ओघ आटतो, पेशींना फुगण्यासाठी लागणारा पाण्याचा दाबही उरत नाही, ऊतककराचे काम मंदावते आणि खोडात त्या वर्षीच्या वाढीचे वलय अरुंद राहते. ॲब्सिसिक आम्लाचा शोध 1960 च्या दशकात लागला. तोवर वनाधिकाऱ्यांना परिणाम दिसत होता, पण त्यामागचे नियमन ठाऊक नव्हते.

कोरडेपणाने वाढ अशी खुंटण्याचे सर्वांत बोलके उदाहरण साल वृक्षाच्या रोपांचे आहे. ती कोरड्या ऋतूत वरून वाळतात, पावसाळ्यात मुळाच्या माथ्यापासून पुन्हा फुटतात आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. होल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या प्रकाराचा अभ्यास करताना दुष्काळाबरोबरच पावसाळ्यात मातीत हवा न खेळण्याचाही विचार केला, आणि ही त्यांची दृष्टी मोलाची होती, कारण पावसाळ्यात गुदमरलेले उथळ मूळ उन्हाळ्यात खोलवरच्या ओलीपर्यंत पोचत नाही. मोठ्या सालावर संकट येते ते खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे. सशक्त झाड राळ सोडून त्याच्या अळ्या बुडवते, परंतु साखरेची तूट सोसलेल्या झाडाला तेवढी राळ परवडत नाही. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला–बालाघाट पट्ट्यात या किडीने सालवने पोखरली, तेव्हा झाडे तोडण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सालाची वलये अस्पष्ट असल्याने काळाची नोंद वाचायची ती सागात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केरळातील सागावरून 523 वर्षांची वलयमालिका उभी करून तीत मोसमी दुष्काळांच्या खुणा दाखवल्या, आणि होशंगाबाद भागातील सागावरून जून ते सप्टेंबरच्या पावसाची पुनर्रचना 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. बालाघाटच्या दुष्काळांचाही असा पुरावा हवा. त्यासाठी लाकडाच्या डेपोत येणाऱ्या जुन्या सागाच्या ओंडक्यांचे आडवे छेद, ते करवतीखाली जाण्यापूर्वी, जागा आणि तोडीचे वर्ष नोंदवून जपून ठेवले पाहिजेत.